डाव्या हाताची खोड

सोमवार, ६ मार्च

शिट्टीने सांगितलंय, घरी गेल्यावर आज काय चुकलं ते लिहून काढा. लिहिते. सगळं चुकलं! झालं लिहून.

नवरा मागून डोकावला. म्हणाला, एवढ्यासाठी कोरी वही फोडलीस? बरं बाबा, नीट लिहिते. अक्षर वाकडं येतंय, कोपर सोललंय.

तर — आम्ही पाच जण दवाखान्यांतून रक्ताचे नमुने उचलतो आणि लॅबमध्ये पोचवतो. थंड डबा मागे बांधायचा आणि सुटायचं. आजवर पेट्रोलच्या मोटरसायकली होत्या. आता त्या जाणार, बॅटरीच्या येणार. मागच्या आठवड्यात लॅबच्या मॅडमनी सगळ्यांना उभं करून सांगितलं. गाड्या चार मिळणार. आपण पाच. आधी ओल्या ट्रॅकवर शिकायचं, मग परीक्षा. एकाने खाली तळघरात बसायचं, ट्यूबांवर चिठ्ठ्या चिकटवायला. "पगार तोच राहील," म्हणाल्या. जशी काय मी पगारासाठीच ऊन खाते! तळघराला खिडकी नाही. दिवसभर फ्रिज घुमत असतात. तिथली बाई जेवायला वर येते तेव्हा घुबडासारखे डोळे मिचकावते. मला तिथे बसवलं तर आठवड्यात मी कोणाचा तरी गळा धरीन.

तिघं तरुण आहेत. त्यांची हाडं रबराची, ते पास होणारच. राहिलो मी आणि भोपळा. भोपळा आमच्यात सगळ्यात जुना. पिवळं गोल हेल्मेट घालतो म्हणून भोपळा. तो मला तोफ म्हणतो. का, ते लिहायची गरज नाही. म्हणजे हिशेब सरळ आहे, भोपळा नाहीतर मी.

शिट्टी म्हणजे शिकवणारी. तिशीतली बाई, केस बारीक कापलेले, गळ्यात शिट्टी. बोलते कमी, फुंकते जास्त. टायरच्या गोदामामागे डांबराचा गोल ट्रॅक आहे. दोन्ही कडांना पाइप, पाइपांना भोकं, त्यातून सारखं पाणी. वर ऊन रणरणतंय आणि खाली रस्ता न्हातोय. बघूनच वेड्यासारखं वाटतं.

आणि ती गाडी! किक नाही, गिअर नाही, क्लच नाही, आवाज नाही. भिंतीत पिन खुपसून तापवायची, म्हणून मी तिला इस्त्री म्हणते. पायाला काहीच काम नाही. उजव्या हाताला पुढचा ब्रेक, डाव्या हाताला मागचा. इथेच घोडं पेंड खातं! वळण आलं आणि माझ्या डाव्या हाताने, इतक्या वर्षांच्या सवयीने, क्लच आवळला. मुठीतला सगळा जीव लावून आवळला. तो क्लच नव्हता ना! मागचं चाक जाम, गाडी आडवी, मी आडवी, आणि दोघी पाण्यातून घसरत पार त्या टोकाला. तिघं पोरं तोंडं फिरवून हसली.

माझ्यामागून भोपळा आला. तोही त्याच वळणावर, माझ्यापेक्षा जोरात. बसल्या बसल्या म्हणाला, "जागा चांगली शोधलीस तोफ. गुळगुळीत आहे."

उद्या जाणार नाही. गेली खड्ड्यात ती इस्त्री.


मंगळवार, ७ मार्च

गेले.

भोपळ्याला पडताना परत बघायला मिळेल म्हणून गेले. खोटं कशाला लिहू? आणि पडला! कालच्यापेक्षा घाण पडला. हेल्मेट घरंगळत पाइपापर्यंत गेलं. जिवाला गार वाटलं.

मग मीही पडले. पण त्याच्यानंतर.

शिट्टी म्हणाली, "काकू, वेगाची मूठ एकदम सोडू नका." मी म्हटलं, काकू कोणाला म्हणतेस गं? तर म्हणे, "बरं, ताई. पेट्रोलची गाडी मूठ सोडली की घरंगळते. ही सोडली की स्वतःच अडते, मागचं चाक धरून ठेवते. ओल्यात तेवढंच पुरतं पडायला. दूध उतू जाताना गॅस जसा हळूच कमी करता, तशी मूठ सोडा." मी दूध उतू घालवणारी बाई. हिला काय माहीत.


बुधवार, ८ मार्च

पडले नाही. पण पाय अजून हवेत ब्रेक शोधतोय. डावा हात तर माझं ऐकतच नाही. जित्याची खोड.


गुरुवार, ९ मार्च

आज गंमतच झाली. गंमत कसली, शोभा!

दुपारपर्यंत आम्ही जुन्या पेट्रोलच्या गाडीवर कामावर असतो आणि दुपारनंतर ट्रॅकवर. म्हणजे सकाळी क्लच हवा आणि दुपारी नको. काल संध्याकाळभर हाताला बजावत होते, दाबू नकोस, दाबू नकोस. आज सकाळी मोठ्या चौकात सिग्नलला थांबले आणि हाताने खरंच दाबला नाही. गाडीने एक खोकला काढला आणि मेली. किक मारते, मारते, चालू होईना. मागे सगळ्यांचे भोंगे. एक ट्रकवाला वरून डोकं काढून म्हणतो, "मावशी, धक्का देऊ का?" मी म्हटलं, आधी तुझ्या भोंग्याला दे! तो हसायला लागला. उतरून खरंच धक्का दिला बिचाऱ्याने.

भोपळ्याला सांगितलं. हसून हसून खोकला. म्हणाला, "एका हाताला दोन नवरे केलेस की असंच होणार."

हा माणूस हसतो कसा? मला तर रात्रंदिवस तळघर दिसतं. त्याला त्याचं काहीच नाही. हसावं आणि पडावं.


शनिवार, ११ मार्च

आज बरं झालं. फार बरं झालं. काय झालं ते सांगता येईल की नाही कोण जाणे.

बाकीचे उशिरा आले. ट्रॅकवर मी एकटी आणि शिट्टी. ती म्हणाली, "ताई, आज ब्रेक विसरा. नुसतं फिरा. आणि कान लावा." मी म्हटलं, कशाला कान लावू, इंजिन तर मुकं आहे. "टायरला लावा," म्हणाली.

फिरले. आणि खरंच — टायर बोलतो! पाणी पातळ असलं की सुर्रर्र. जाड झालं की आवाज घोगरा होतो. जिथे घोगरा झाला तिथे मूठ तशीच धरायची, ना पिळायची ना सोडायची. दोन-तीन फेऱ्यांत कानाला कळायला लागलं.

आणि टायरच्या पलीकडचंही ऐकू यायला लागलं. गोदामात कोणीतरी शिंकलं, ते ऐकलं! पत्र्यावर कबुतरं पाय घासत होती, ते ऐकलं. इतकी वर्षं गाडी चालवतेय, कधी काही ऐकलं नव्हतं, नुसती धडधड. हात थरथरत नाहीत, मनगटं सुन्न होत नाहीत, कपड्यांना वास नाही. पाण्याचे तुषार तोंडावर येत होते. मी गुणगुणत होते म्हणे. शिट्टीने सांगितलं, मला माहीतच नाही.

मला ही इस्त्री आवडायला लागली आहे. कोणाला सांगणार नाही.

म्हणून तर आता तळघराची जास्त भीती वाटते. आवडायच्या आधी हरले असते तर बरं होतं.


रविवार, १२ मार्च

सुट्टी. लेकीचा फोन आला. म्हणे, "आई, बस ना आता तळघरात. सावली आहे, पगार तोच आहे, तुझी हाडं तरी वाचतील." मी म्हटलं, तू ये आणि बस. तर म्हणे, "तुझ्याशी बोलणं म्हणजे भिंतीवर चेंडू मारणं." मग चेंडू कशाला मारतेस! ठेवला फोन. तासाने मीच परत केला, तिच्या सर्दीचं विचारायला. विषय काढला नाही कोणी.

नवरा शिंपी आहे. बाहेरच्या खोलीत मशीन, तोंडात टाचण्या, त्यामुळे बोलणं तसंही कमीच. आज टाचण्या काढल्या आणि म्हणाला, "तुझा हात घाबरला की आवळतो. घाबरूनही आवळला नाही पाहिजे." मग उठून स्वयंपाकघरातून अंडं घेऊन आला. कच्चं. माझ्या डाव्या मुठीत दिलं. उजव्या हातात लाटणं, ती गाडीची मूठ. मला शिलाईच्या स्टुलावर बसवलं.

"चालव," म्हणाला.

मी लाटणं पिळत बसले. मूर्खासारखं. तो आपला खिडकीतून बाहेर बघतोय, काजाला दोरा ओढतोय, आणि एकदम किंचाळला — "मांजर!"

फचक्.

मांडीवर, स्टुलावर, कोणाच्या तरी लग्नाच्या पँटीवर. मी त्याला काय काय बोलले ते वहीत लिहिण्यासारखं नाही. त्याने पँट धुतली आणि दुसरं अंडं आणलं. "ट्रक!" फचक्. मग तिसरं. त्याने काहीच केलं नाही, नुसतं बघितलं माझ्याकडे, आणि मी आपणहून फोडलं. तो हसून हसून मशीनवर डोकं टेकून बसला. लग्न झाल्यापासून त्याला इतका हसलेला मी बघितला नव्हता.

उरलेल्याचं आम्लेट केलं.


सोमवार, १३ मार्च

सकाळी उठले तर मशीनवर एक हातमोजा. डाव्या हाताचा. तीन बोटं एकाच पिशवीत शिवून टाकलेली, वर जाड शिवण, म्हणजे ती ब्रेकपर्यंत पोचतच नाहीत. मोकळं फक्त पहिलं बोट. एका बोटाने ब्रेक लागतो, पण आवळता येत नाही. मी म्हटलं, हे कधी केलंत? तोंडात टाचण्या होत्या. मान हलवली नुसती.

लागू पडला! वळणावर हात झेपावला, तीन बोटं आतल्या आत धडपडली, एक बोट हळूच लागलं. गाडी पाण्यातून शहाण्या पोरीसारखी वळली. शिट्टी फुंकायचं विसरली.

भोपळ्याने विचारलं, "काय गं, आज जादू काय केलीस?" मी म्हटलं, डोकं वापरलं, तुला नाही जमायचं. मोजा काढून खिशात कोंबला. त्याने खिशाकडे बघितलं.

तो आज दोनदा पडला.


मंगळवार, १४ मार्च

मोजा खिशात ठेवते, गाडीवर बसले की पाठ फिरवून घालते. चोरासारखं.

भोपळा लंगडतोय. म्हटलं, लागलं का? म्हणे, "गुडघा आहे, आवाज करतो. गाडीने सोडला, याने धरला."


गुरुवार, १६ मार्च

माझ्याच्याने नाही होत बाई. ताकाला जाऊन भांडं लपवायचा माझा स्वभाव नाही. हरायचं तर हरायचं.

आज ट्रॅक सुटल्यावर मोजा काढून त्याच्यासमोर आपटला. म्हटलं, हे बघ, ही जादू. नवऱ्याने शिवलाय. संध्याकाळी ये घरी, तुझ्या हाताचं माप घेईल. आणि असा बघू नकोस, मी काही दानधर्म करत नाहीये. तू रोज पडतोस ते बघायचा कंटाळा आला.

त्याने मोजा उचलून आतून-बाहेरून बघितला. मग म्हणाला, "तोफ, तू अगदीच वाया गेलेली नाहीस."

संध्याकाळी आला. नवऱ्याने त्याचा पंजा कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली. भोपळा म्हणतो, "भाऊजी, जरा ढगळ ठेवा, मी अजून वाढतोय." नवऱ्याने टाचण्या काढून उत्तर दिलं, "वाढा, पण बाजूंनी नको, कापड कमी आहे." दोघं इतके हसले! मला कळेना, जिंकायला आलेत की जेवायला. जेवूनच गेला. दोन वेळा वाढून घेतलं. जिना उतरताना कठडा धरून एकेक पायरी उतरला, मी वरून बघितलं.

नवरा म्हणाला, "चांगलं केलंस." मी म्हटलं, मूर्खपणा केला. तो म्हणाला, "तेच म्हणतोय."


शनिवार, १८ मार्च

आज लोखंडी पत्रा. रस्त्यात खड्डा खणतात तेव्हा वर टाकतात ना, तसला. वर पाणी. पलीकडे रंगवलेले पांढरे पट्टे, तेही ओले. शिट्टी म्हणाली, "पत्र्यावर काही करायचं नाही. वळायचं नाही, थांबायचं नाही, घाबरायचं नाही. जे करायचं ते आधी करून यायचं."

मी गेले. मागचं चाक जरासं सटकलं, परत जागेवर आलं. मी काही केलं नाही. काही न करणं मला जमलं! नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, साजरं करू या.

आणि भोपळा? भोपळा लोण्यातून सुरी जावी तसा गेला. पत्र्यावरून, पट्ट्यांवरून, वळणं घ्यायला ओळीने मांडलेल्या लाल प्लास्टिकच्या टोप्यांच्या मधून. नवा मोजा घालून गेला. शिट्टीने टाळ्या वाजवल्या. पोरांनी वाजवल्या. मी पण वाजवल्या, दात ओठ खाऊन.

घे! हाताने मोजा दिला, आता हाताने गाडी दे.

घरी येऊन भांडी आपटली. नवऱ्याने मशीनचा आवाज वाढवला.


रविवार, १९ मार्च

अंडी. आज एकही फुटलं नाही. "साप" म्हणाला, "सासूबाई" म्हणाला, "मॅडम" म्हणाला. नाही फुटलं.


सोमवार, २० मार्च

उद्या परीक्षा. आज काम संपवून मुद्दाम तळघरात जाऊन आले. बघू तरी म्हटलं, काय एवढं. खुर्ची चांगली आहे. बाई चांगली आहे, तिने मला बिस्किट दिलं. भिंतीवर कोणीतरी खिडकीचं चित्र लावलंय. खिडकीचं चित्र! मी पळत वर आले.


मंगळवार, २१ मार्च

झाली. क्रमाने लिहिते, नाहीतर सांडेल सगळं.

मॅडम आल्या होत्या, प्लास्टिकच्या खुर्चीत, पायांवर पाणी उडू नये म्हणून पाय वर धरून. आधी तिघं पोरं. तिघंही पास. एकाने टोपी पाडली तरी पास. मग माझा नंबर. मी मोजा चढवला आणि शिट्टीचं लक्ष गेलं. "हे काय आहे?" हातात धरून उलटा-सुलटा केला. हसली, पण म्हणाली, "फार हुशारीचं आहे ताई. पण परीक्षेला चालणार नाही. सगळी बोटं मोकळी पाहिजेत. रस्त्यावर कधी लागलीच तर?"

उघड्या हाताने बसू देत नाहीत, आणि दुसरे मोजे मी आणलेच नव्हते. मॅडम घड्याळ बघायला लागल्या.

भोपळ्याने स्वतःचे काढून दिले. साधे, मोकळ्या बोटांचे, आज तेच घालून आला होता. "घे. मला काय घाई आहे?" त्यात माझे दोन हात एकात मावले असते. म्हटलं, तुझा शिवलेला कुठाय? म्हणाला, "घरी आहे. जा आता, मॅडमचे पाय दुखतायत."

गेले. टोप्या झाल्या. कान टायरला लावला. सुर्रर्र. पत्र्याआधी जे करायचं ते करून घेतलं, पत्र्यावर काही केलं नाही. पट्टे झाले. पुढे मोकळं होतं, मला ठाऊक होतं की इथेच कुठेतरी शिट्टी वाजणार आणि वाजली की रेषेच्या आत थांबायचं. ठाऊक असून काय उपयोग! ती अशी वाजली की काळजात चर्र झालं. डाव्या हाताची चारही बोटं उठली. मी बघितली, खरंच बघितली त्यांना उठताना. ढगळ मोज्यात मुठीवर फडफडली. आणि बसली. एक पुढे गेलं. उजव्या हाताने हळूहळू धरत आणलं. गाडी जराशी नाचली, सरळ झाली, थांबली. रेषा पुढच्या चाकाच्या पुढे होती. पुढे!

शिट्टी म्हणाली, "पास." मॅडम म्हणाल्या, "छान." मी म्हटलं, छान काय, जीव गेला माझा.

मग भोपळा. मी मोजे परत दिले आणि मनात म्हटलं — आता खरं लिहिते — मनात म्हटलं, पड. एकदाच पड. आणि लगेच म्हटलं, नको पडूस. दोन्ही म्हटलं.

तो पहिल्याच वळणावर गेला. आमच्या त्याच वळणावर. गाडी एकीकडे, तो एकीकडे, हेल्मेटमधून पाणी गळतंय. उठायला वेळ लागला. मी धावत गेले, हात दिला. म्हणाला, "झालं बाई. तू ऊन खा, मी सावली खातो." हसत होता.

मला गाडी मिळाली. घरी आले, नवऱ्याने चहा ठेवला होता. दोघांनी बसून प्यायला. मी खूप खूश आहे. भोपळ्याचं ते पाणी गळणारं हेल्मेट डोळ्यांपुढून जात नाही, ते वेगळं.


बुधवार, २२ मार्च

किल्ली मिळाली. किल्ली म्हणजे नुसतं बटणच आहे. आज पाणी नाही, पाइप नाही, साधा कोरडा रस्ता. दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, "आलात कधी, कळलंच नाही!" आता लोकांना माझी चाहूल लागणार नाही. बरंच आहे, आधी पळून जायचे.

चौकात तोच ट्रकवाला भेटला. वरून ओरडला, "मावशी, धक्का?" मी न बोलता सुटले. तो आरशात लहान लहान होत गेला.


शुक्रवार, २४ मार्च

भोपळा सोमवारपासून खाली बसणार. आज त्याची जुनी गाडी पुसून जमा केली. मी त्याच्याशी नीट बोलले नाही. काय बोलणार? माफ कर, मी पास झाले?

नवऱ्याने विचारलं, एवढी गाडी मिळाली तरी तोंड का असं? मी म्हटलं, तोंड असंच आहे, लग्नाआधी बघायचं होतं.


सोमवार, २७ मार्च

डबा द्यायला तळघरात गेले. भोपळा खुर्चीत, एक पाय स्टुलावर, चष्मा नाकावर, ट्यूबांना चिठ्ठ्या लावतोय. मला राहवलं नाही. म्हटलं, भोपळ्या, परीक्षा परत देतोस का? मी मॅडमशी बोलते, भांडते हवं तर. पाचवी गाडी मागू.

त्याने वर बघितलं. "पाचवी कशाला? गाड्या यायच्या आधीच मी मॅडमना सांगितलं होतं, मला खाली घ्या, गुडघे गेलेत. म्हणून तर त्यांनी चारच मागवल्या. माझं नाव एवढ्यात कोणाला सांगू नका, असंही म्हटलं होतं."

मी डबा हातात धरून उभी. म्हटलं, मग ट्रॅकवर काय करत होतास? रोज पडत होतास ते?

"त्यातलं दोन-तीनदा खरंच पडलो," म्हणाला. चिठ्ठी सरळ लावली, अंगठ्याने दाबली. "पहिल्या दिवशी तू एकटीच पडली असतीस, तर दुसऱ्या दिवशी आली असतीस का?"

मी म्हटलं, गाढवा. डबा त्याच्यापुढे ठेवला, रिकामा उचलला आणि वर आले. गाडीवर बसले, पण बराच वेळ बटण दाबलं नाही.